नळ बंद होईपर्यंत

बाई,

तुमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं होतं: आमचं कुणी वाचत नाही. नागापूर, राजूर, संगमनेर, कुठूनही पाठवा, पाकिटावर आपल्या जिल्ह्याचा शिक्का दिसला की पुण्यामुंबईचे संपादक ते फोडतसुद्धा नाहीत, असं आम्ही एकमेकांना छातीठोकपणे सांगायचो. त्या संपादकांच्या टेबलाशी जाऊन कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण ही तक्रार उबदार होती आणि सगळ्यांना पुरायची. गेल्या महिन्यात संगमनेरात नव्याने लिहिणाऱ्यांचा मेळावा होता, तिथे मी हीच तक्रार घेऊन उभा राहिलो आणि सभागृह दणाणून सोडलं. तीच तक्रार, तसेच चेहरे. फक्त आता पाकिटाच्या जागी मोबाईल आहे, आणि पत्त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर लिहितात. तुम्हाला हे नवीन असेल.

टाळ्या खूप पडल्या. टाळ्या मला अजून पडतात, बाई. भाषण संपल्यावर हार-नारळ चालू असताना एक तरुण शिक्षिका पुढे आली. राजूरच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या गावची, तिथल्याच शाळेत शिकवणारी. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात कथांची प्रिंट. म्हणाली, "सर, तुमचं भाषण लई आवडलं. पण मी आता घरी जाऊन काय करू?" मी म्हटलं, "लिहीत राहा, ताई." ती म्हणाली, "ते तर मी तुमच्या भाषणाच्या आधीपासून करतेय." मागे उभं असलेलं कुणीतरी हसलं. मला तुमची इतकी आठवण झाली की पुढचं वाक्य सुचेना, आणि मला वाक्य न सुचणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तिचं म्हणणं साधं होतं. तिने जागोजागी कथा पाठवल्या होत्या, कुठूनही उत्तर नाही. आता एक जण तिचं पुस्तक काढायला तयार होता. पैसे तिनेच भरायचे, त्यात प्रकाशन समारंभ, शाल आणि फोटो धरलेले. महिनाअखेरपर्यंत होय किंवा नाही कळवायचं होतं. तिच्या भावाला ते पटलेलं होतं, तिला नव्हतं, पण दुसरा रस्ता दिसत नव्हता. "नाहीतर तुम्ही एक फोन करा ना सर, कुणातरी संपादकाला. तुमचं ऐकतील." फोन मी करू शकलो असतो. नंबर आहेत माझ्याकडे. पण तुम्ही आमच्यापैकी कुणासाठी कधी कुणाकडे शब्द टाकला नाहीत, आणि तेव्हा त्याचा आम्हाला किती राग यायचा!

तुम्ही कॉलेजात मराठी शिकवायचात आणि पुण्याच्या एका दिवाळी अंकासाठी पहिलं वाचन करायचात. न मागवता आलेलं लेखन गठ्ठ्याने एसटीच्या पार्सलमधून तुमच्याकडे यायचं, आणि त्यातलं संपादकांकडे काय जाईल ते तुम्ही ठरवायचात. ते गठ्ठे स्वयंपाकघरातच असायचे, तांदळाच्या डब्याशेजारी. आम्ही हॉस्टेलची पोरं तुमच्याकडे यायचो ते आमचंही लेखन त्या गठ्ठ्यात घुसवता येईल या आशेने. तुम्ही म्हणालात, "घुसवणार नाही. पण तो गठ्ठा कसा वाचला जातो ते बघायचं असेल तर संध्याकाळी पाणी येतं तेव्हा या."

पाणी येतं तेव्हाच का, ते आम्हाला पहिल्या दिवशी कळलं नाही. संगमनेरात नळाला तासभर पाणी. तेवढ्यात हंडे, कळश्या, बादल्या, पिण्याचं पिंप, सगळं भरायचं. राहिलं तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत राहिलं. तुम्ही मोरीपाशी उभ्या, नळ धो धो चालू, आणि एका मुलाने गठ्ठ्यातली गोष्ट मोठ्याने वाचायची. कुणीतरी कुरकुर केली, बाई, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. तुम्ही म्हणालात, "संपादकाच्या घरी पण पाणी आलेलं असतं रे. त्याला पण पोरं आहेत, छापखान्याचा माणूस दारात उभा आहे, जाहिरातवाला पैसे देत नाही. तुझ्या गोष्टीसाठी तो रिकामा बसलेला नाही. त्याने हातातलं काम टाकावं असं काही तुझ्या पहिल्या पानावर आहे का, तेवढं सांग." बस, एवढंच. बहुतेक गोष्टी चालू नळाखाली संपायच्या. पण कधीतरी, वर्षातून थोड्याच वेळा, वाचता वाचता एकदम शांतता व्हायची. तुम्ही नळ बंद केलेला असायचा. हंडा अर्धा, पाणी कधी जाईल याचा नेम नाही, आणि तुम्ही ओल्या हाताने नळाची चावी धरून उभ्या. ती गोष्ट पुण्याला जायची.

तोपर्यंत मला वाटायचं की संपादक म्हणजे दाराशी बसवलेला पहारेकरी, आणि त्याला नमवलं पाहिजे. त्या गठ्ठ्यात आम्ही जे पाहिलं त्याने हसू आलं आणि लाजही वाटली. चार चार पानांची परिचयपत्रं: मी एक होतकरू कवी असून माझ्या कवितांना गावात मोठी दाद मिळाली आहे. एकाने शाल पांघरलेला फोटो जोडलेला. एकाने एका पाकिटात कविता, कथा, नाटक आणि पाककृती पाठवलेली, जे आवडेल ते घ्या म्हणून. दिवाळी अंक म्हणून कित्येक जण दिवाळीचीच गोष्ट पाठवायचे. पणती, फराळ आणि परत आलेला मुलगा. आणि सगळ्यात जास्त पाकिटं यायची दसऱ्याच्या सुमारास, जेव्हा अंक छापून बांधणीला गेलेला असायचा. "हा अंक यांनी कधी हातात धरलाय का रे?" तुम्ही विचारायचात. "ज्याच्या घरी जेवायला जायचंय त्याच्याकडे काय शिजतं ते आधी बघून यावं की नाही?" मग तुम्ही आम्हाला मागच्या वर्षांचे अंक घरी न्यायला द्यायचात आणि पुढच्या आठवड्यात विचारायचात की यात काय छापतात आणि काय छापत नाहीत. न वाचता आलेल्याला तुम्ही चहा द्यायचात, पण गोष्ट वाचू द्यायच्या नाहीत.

आमच्या स्वतःच्या गोष्टींसाठी तुमचे नियम आणखी कडक. ज्याची गोष्ट त्याने वाचायची नाही. वाचायला तुम्ही नेहमी एकालाच लावायचात. सकाळी गावच्या संकलन केंद्रावर दूध घालून कॉलेजला येणारा आमचा मित्र, त्याला आम्ही डेअरीवाला म्हणायचो. तो काहीही वाचत असला तरी दुधाचं फॅट वाचून दाखवल्यासारखं वाचायचा. रडू नाही, हसू नाही, चढ नाही, उतार नाही. आणि ज्याची गोष्ट त्याने भरलेले हंडे उचलून ठेवायचे, म्हणजे तोंडाने मध्ये मध्ये खुलासा करायला उसंत मिळायला नको.

माझी पाळी आली तो दिवस मला आजही तसाच दिसतो. मी तोवर वस्तीतल्या जयंतीच्या सभांमध्ये बोलायला लागलो होतो. नागापूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य घालवणाऱ्या वडिलांवरचा माझा लेख मी तिथे म्हणून दाखवायचो आणि बायामाणसं पदर डोळ्याला लावायची. तोच लेख मी तुमच्याकडे आणला. डेअरीवाला वाचायला लागतो, "या रक्तपिपासू यंत्रयुगाच्या जबड्यात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाचा हिशेब मागत..." आणि पहिला हंडा भरतो. मी पुढे होतो आणि थांबतो. माझ्या आजोबांना गावच्या आडाच्या पायरीवर उभं राहू देत नसत, बाई. शिकलेलो होतो, सभा गाजवत होतो, तरी तुमच्या प्यायच्या पाण्याच्या हंड्याकडे जाणारा माझा हात मध्येच थांबला. तुम्ही वळून पाहिलंत. "उचल की. भरलाय तो." एवढंच म्हणालात आणि खाली कळशी लावलीत. तुम्हाला काही कळलं होतं की फक्त पाणी सांडत होतं म्हणून म्हणालात, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलं.

नळ मात्र बंद झाला नाही. हंडे भरले, बादल्या भरल्या, लेख संपला. डेअरीवाला म्हणाला, "बाई, ह्या पुढाऱ्याची वाक्यं लई लांब हायेत. मधी दम घ्यायला थांबाच न्हाई." सगळे हसले. मी चिडून म्हणालो की हा लेख ऐकून शेकडो माणसं रडलीत. तुम्ही हात पुसलेत. "ती तुझ्या आवाजाला रडली. आवाज चांगलाच आहे तुझा. पण तू पाकिटात बसून पुण्याला जाणार आहेस का?" तुम्ही पानं माझ्याकडे परत दिलीत. "यात तुझे वडील कुठे आहेत? यंत्रयुग आहे, जबडा आहे. त्यांनी संध्याकाळी घरी येऊन काय केलं ते लिही. एक संध्याकाळ." मी त्या रात्री हॉस्टेलवर तुम्हाला मनात खूप बोललो. ब्राह्मणी, पांढरपेशी, जे जे येतं ते सगळं. मग मला ते आठवलं, जे मी कुठल्याच सभेत सांगितलं नव्हतं, कारण त्याला टाळी पडली नसती.

वडील कामावरून आले की हातावर बारीक लोखंडाचा चुरा आणि काळं तेल असायचं. रॉकेल, भुसा आणि साबणाने हात धुतल्याशिवाय ते माझ्या पुस्तकांना शिवायचे नाहीत. एका उन्हाळ्यात टँकर आला नाही, प्यायलाच पाणी जेमतेम होतं. ते आले, माझ्या शेजारी बसले, दोन्ही हात पाठीमागे बांधून पुस्तकावर वाकले. पान संपलं की म्हणायचे, "उलट." मी उलटायचो. असं आम्ही अंधार पडेपर्यंत वाचलं. एवढंच. डेअरीवाल्याने पुढच्या खेपेला ते वाचलं, त्याच्या त्या फॅटच्या आवाजात. मी हंडा उचलायला वाकलो होतो. "उलट" या शब्दापाशी नळ बंद झाला.

तुम्ही शाबासकी दिली नाहीत. दोन पाकिटं दिलीत, तिकीट लावलेली, त्यांवर तुमच्या हाताने माझं नाव आणि नागापूरच्या घरचा पत्ता लिहिलेला. एका गोष्टीबरोबर एक परतीचं पाकीट जोडायचं, दोन ओळींचं पत्र लिहायचं, आपल्याजवळ एक प्रत ठेवायची आणि पाठवलं की दुसऱ्या दिवशी नवीन गोष्ट सुरू करायची. "वाट बघणं हे काम नाही," तुम्ही म्हणालात. "आणि हे पाकीट परत आलं म्हणजे नकार, हे धरून चाल. नकार घरी यायला पाहिजे. रस्त्यात हरवलेली गोष्ट वाईट." मी विचारलं, तुम्हीच का नाही पुढे पाठवत? "माझ्याकडून गेली तर माझी ओळख छापतील. तुझी गोष्ट छापली गेली पाहिजे."

तुम्ही गेलात तेव्हा मी नगरला नोकरीला लागलो होतो. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता, सगळं त्या पावसाळ्यात उरकलं. तुमच्या घरी लोक जमले होते आणि कुणीतरी नळाखाली हंडा लावून ठेवला होता, तो भरून वाहत होता. मी जाऊन तो बंद केला. त्यानंतर काही आठवड्यांनी नागापूरच्या घराच्या दारात एक पाकीट पडलेलं दिसलं. पाकिटावर तुमचं अक्षर. माझं नाव, तुमचा तो उभट 'र'. आत उन्हाळ्यात मुंबईच्या एका अंकाला पाठवलेली माझी गोष्ट आणि संपादकांची ओळ: वडिलांचे हात लक्षात राहिले, शेवट दोनदा झाला आहे. नकार होता, बाई, आणि तो मी छातीशी धरून बसलो. शेवटी मी एक परिच्छेद जास्तीचा लिहिला होता, भाषणाचा. तो कापला, दुसऱ्या अंकाला पाठवली, आणि छापून आली. तेव्हा दाखवायला तुम्ही नव्हतात. दुसरं पाकीट मी कधी वापरलंच नाही. अजून कपाटात आहे, तिकिटाचा डिंक सुटलाय.

तर त्या राजूरच्या शिक्षिकेला मी फोन करून दिला नाही. रविवारी घरी बोलावलं. संगमनेरच्या स्टँडजवळ आता आपल्या डेअरीवाल्याचं दूध-दह्याचं दुकान आहे. तो पांढरे केस घेऊन आला, चष्मा लावून आमच्या ओट्याशी बसला. "काय पुढारी, पुन्हा फॅट वाचायचं व्हय?" बायको मोरीपाशी पाणी भरत होती. मी त्या मुलीला म्हटलं, तुम्ही हंडे उचला, ताई. तिला वाटलं मी गंमत करतोय.

डेअरीवाला वाचतो. पहिलं पान डोंगरावरच्या सूर्योदयाचं. दुसरं पान धुक्याचं. नळ चालू आहे. तो थांबून म्हणतो, "ताई, अजून माणूस न्हाई आला का गोष्टीत?" ती ओशाळते, हंडा उचलते. तिसऱ्या पानावर एक बाई राजूरच्या बाजारात हिरड्याचं पोतं घेऊन बसलेली आहे. व्यापारी हिरडा हातात घेतो, दाताखाली धरतो, थुंकतो आणि भाव सांगतो. ती बाई पोतं बांधते, डोक्यावर घेते आणि चढ चढायला लागते. पाठीमागून सगळा बाजार तिला वेडी म्हणतो. आणि आमच्या स्वयंपाकघरात शांतता होते. बायकोने नळ बंद केला होता. तिला तुमच्याबद्दल मी पुष्कळ सांगितलंय, पण नळाचं कधीच सांगितलेलं नव्हतं.

त्या मुलीने मान वर करून नळाकडे बघितलं. हुशार आहे. "पहिली दोन पानं काढते सर," ती आपणच म्हणाली. डेअरीवाला चष्मा पुसत म्हणाला, "आन्‌ त्या बाईला चढ चढू द्या. वर गेल्यावर भाषन नका देऊ." आणि माझ्याकडे बघून हसला. मग मी तिला तुमचंच सगळं सांगितलं. ज्या अंकाला पाठवायचं तो अंक वाचा. एक गोष्ट पाठवा, सगळी पिशवी नको. पत्र दोन ओळींचं. उत्तर येईपर्यंत दुसरी गोष्ट. पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका. इथे मात्र माझा आवाज चढला, बाई, मला आवरलं नाही. लिहिणाऱ्याच्या भुकेवर दुकान थाटणारी ही माणसं, यांना शाल विकायची असते. तुमच्या हिरडेवाल्या बाईने पडता भाव घेतला का? मग तुम्ही का घेता? असं बरंच बोललो. बायको म्हणाली, "अहो, पाणी जाईल. उरलेलं भरून होऊ दे." सगळे हसले, ती मुलगीही.

महिनाअखेरीला तिने त्या माणसाला 'नाही' म्हणून कळवलं. मला तसं सांगितलं फोनवर. भाऊ रागावलाय. गोष्ट तिने एका अंकाला पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. दुसरी गोष्ट सुरू आहे. सुरुवातीलाच माणूस आहे म्हणे.

बाई, आज रविवार आहे, पाणी यायची वेळ होत आलीय, आणि मला तुम्हाला हे सगळं सांगायचं होतं. संपलं तेव्हा लक्षात आलं की पाठवायला पत्ता नाही. जवळ तुमच्या हातचं एक पाकीट आहे, पण त्यावर पत्ता माझाच आहे. आणि एक कबूल करतो. हे पत्र मी नियम मोडून स्वतःच मोठ्याने वाचलं, माझ्या त्या सभेच्या आवाजात, एकट्याने, दार लावून. डेअरीवाल्याला वाचायला द्यायला धीर झाला नाही. त्याच्या आवाजात यातलं किती उरेल, ते मला ऐकायचं नव्हतं. पण वाचताना मी दर पानाला थांबत होतो आणि मोरीकडे कान लावत होतो.

आलं बघा पाणी. हंडा अर्धाच राहू द्या. नळ बंद करा, बाई.